तबकातला शेवटचा पेला

चवीसाठी काढलेल्या सरबताचा पेला पतीच्या हाती देण्यापूर्वी तिने तो नाकाशी नेला. साखर विरघळली की नाही हे पाहावे, तशी मान किंचित झुकवून. चष्मेवाले हात पुढे करून शांतपणे थांबले. या थांबण्याची दोघांनाही इतकी सवय झाली होती की त्यात आता संशय उरला नव्हता, आणि अपमानही.

"लिंबू अजून थोडं चालेल," ते चव पाहून म्हणाले.

तिने लिंबू पिळले. दुकानाचा विषय निघालाच तर डोळ्यांचे दुखणे सांगायचे, असे तिने त्यांना पुन्हा एकदा बजावले.

चष्म्याची भिंगे घासणे हा त्यांचा व्यवसाय. एके काळी त्यांचे हात थरथरू लागले, भिंगे वाया जाऊ लागली आणि दुकानाला कुलूप लागले. कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होते. पुढे बाटली सुटली, बिऱ्हाड दुसऱ्या गल्लीत आले, दुकान पुन्हा उघडले. मात्र पत्नीने त्या काळात घराबाहेर काढलेला एक शब्द परत आला नाही. त्या घरात पाणी घेत, दूध संपवत, काढ्याचे दोन घोट घशाखाली उतरवत. कुंडीतली झाडेदेखील पाणी शोषून घेत. शाळेत असताना मुलीने 'मांजर दूध संपवते' असे वाक्य लिहिले आणि गुरुजींनी त्याखाली तांबडी रेघ ओढली. मोठेपणी ती थट्टेने विचारी, "बाबा, चहाचं प्राशन करताय की नुसतंच सेवन?" बाबा हसत. आई हसत नसे. बाहेरच्यांना यातले काही कळण्याजोगे नव्हते. आल्यागेल्यास 'घ्या' म्हणणे हीच मुळी सभ्यपणाची रीत, आणि त्या रीतीच्या पदराआड हे घर बिनबोभाट नांदत होते.

बाहेरच्या खोलीत मुलीचे होणारे सासू-सासरे येऊन बसले होते. सोबत त्यांचा मुलगा. लग्न दोघांनी आपसात ठरवले होते. आज वडीलधाऱ्यांनी होकार द्यायचा होता. वडिलांचे जुने प्रकरण मुलीने त्याला सांगितले नव्हते. लग्न होईपर्यंत अवाक्षर काढायचे नाही, अशी आईने तिला शपथ घातली होती. चष्मेवाल्यांना हे पटले नव्हते. परंतु ज्याने एकदा घर बुडवत आणले, त्याने घरातल्यांना काय शिकवावे, असे त्यांना वाटे.

व्याही पूल बांधणारे अभियंते, विहीणबाई मुख्याध्यापिका. दोघेही मोकळ्या स्वभावाचे. मुलगा चष्मा करायला म्हणून या दुकानात आला आणि मग चष्मा नाकाला टोचतो, अशी तक्रार घेऊन पुनःपुन्हा येत राहिला, हे व्याह्यांनी रंगवून सांगितले.

"इतकं नाजूक नाक आमच्या सात पिढ्यांत कुणाचं नाही," ते म्हणाले. "मला तेव्हाच शंका आली."

मुलगा चष्मा पुसू लागला. सगळे हसले. हसण्याच्या त्याच ओघात व्याह्यांनी सहज म्हटले, की त्यांचे एक स्नेही या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, आणि मध्ये दुकान बरेच दिवस बंद होते असे ते सांगत होते.

पत्नी तबक घेऊन नुकतीच बाहेर आली होती. "यांच्या डोळ्यांना..." तिने सुरुवात केली.

"मी पीत होतो," चष्मेवाले म्हणाले.

शब्द खोलीत आला आणि त्याला कोणीही बसा म्हटले नाही.

"हात थरथरायचे, म्हणून दुकान बंद ठेवलं," ते त्याच सुरात पुढे म्हणाले. "आता सोडली आहे. पण तुम्ही होकार द्यायच्या आधी हे तुम्हाला कळायला हवं होतं."

मुलगी खाली पाहत राहिली. तिच्या शेजारच्या मुलाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आपल्या आईकडे पाहिले. व्याह्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले होते. पत्नीला काय करावे ते सुचेना. हातात तबक होते, म्हणून तिने ते पुढे केले. मुलाने एक पेला घेतला, मुलीने एक. मग तबक विहीणबाईंसमोर आले. त्यांनी स्वतःचा पेला उचलून बाजूस ठेवला. नंतर पतीसाठी दुसरा उचलला आणि, कोणाकडेही न पाहता, तो नाकाशी नेला. साखर विरघळली की नाही हे पाहावे, तशी मान किंचित झुकवून. व्याही हात पुढे करून शांतपणे थांबले होते.

पेला व्याह्यांच्या हाती गेला. विहीणबाईंनी वर पाहिले, तेव्हा यजमानीण त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले. क्षणभर त्या संकोचल्या.

"यांनी सोडून बरीच वर्षं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "माझीच सवय सुटत नाही."

तबकात आता एकच पेला उरला होता. पत्नीने तो उचलला. चष्मेवाले नित्याप्रमाणे हात पुढे करून थांबले. तिचा हात अर्ध्या वाटेपर्यंत वर गेला, तिथे थबकला, आणि पेला सरळ त्यांच्या हातात आला.

"प्या," ती म्हणाली.