तुलनेची बाजू

साखरशेत गावी पुतळीच्या वालाच्या शेतात कृषी खात्याचे रूपेश साहेब गुडघे टेकून मावा शोधत होते. पाने उलटून झाली, शेंगा चाचपून झाल्या. एकही किडा सापडेना. साहेब अगदी रडकुंडीला आले.

शेताच्या मधोमध दोरी होती. डावीकडे पाटी, ‘प्रतिकारशक्ती वाढवलेले पीक’. उजवीकडे पाटी, ‘तुलनेसाठी’. डावीकडे साहेबांची बाटली फवारली होती. तिच्यामुळे झाड स्वतःच माव्याला तोंड देतं म्हणे. उजवीकडे काहीच टाकायचं नव्हतं. तिथे माव्याने यथेच्छ जेवायचं, म्हणजे बाटलीचा प्रताप उठून दिसणार. आठ दिवसांनी जिल्ह्याहून वर्षा मॅडम बघायला येणार होत्या, आणि दोन्ही बाजू सारख्याच हिरव्यागार होत्या.

“पुतळीबाई, इकडे काय टाकलंत?”

“राख टाकली. तुसाची.” पुतळी म्हणाली. “अर्ध्या शेताला वाढायचा नि अर्ध्याला उपाशी ठेवायचा, माज्यानं नाय झाला.”

डावीकडचे वाल नमुने म्हणून पोत्यात भरून जाणार होते. उजवीकडचे म्हणजे तिच्या घरचं वर्षभराचं कालवण. साहेबांनी कपाळावर हात मारला.

“बाई, सगळा प्रयोग बुडवलात!”

मग ते शेजाऱ्याच्या, जिवाच्या शेतात गेले. माव्याने काळे पडलेले चार वेल उपटून आणले आणि उजव्या बाजूवर स्वतःच्या हाताने झटकले. मावा मारण्याचा पगार घेणारा माणूस मावा पेरत होता. पण साहेबाला अडवणार कोण? त्यांची जीप गेली तशी पुतळी सूप भरून राख घेऊन आली. रोज सकाळी न चुकता उधळत राहिली.

मॅडम आल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मावा कुठेच नव्हता. साहेबांना घाम फुटला. मॅडमनी बाटली उचलली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली, “मुख्य घटक, भाताच्या तुसाची राख.”

साहेबही ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचं तोंड बघून पुतळीला दया आली.

“येवढ्या लांबून कशाला आणली, साहेब? मागितली असती तं मीच सूपभर दिली असती.”