अठरा किलो

हणमंतने ताट भिंतीवर भिरकावलं. उकडलेली अंडी फरशीवर घरंगळली. "कार्ब्स बंद सांगितले होते ना? मग भाकरी कशी आली?"

"काल चक्कर आली तुम्हाला, म्हणून अर्धीच..." शैला नवऱ्याला हळूच म्हणाली.

हा त्याचा तिसरा डाएट. पहिल्यात फक्त भात बंद होता, तेव्हा तो शिव्यांवर भागवायचा. दुसऱ्या, कीटो डाएटात कानाखाली बसू लागल्या. आता नुसती अंडी, आणि पट्टा. वजन मात्र अठरा किलो उतरलं होतं.

पट्टा उगारला गेला. तोंड वाचवायला तिने त्याचं मनगट धरलं, तर खानावळीसाठी रोज साठ भाकऱ्या थापणारी तिची बोटं त्याभोवती पूर्ण मिटली. त्याने हिसडा दिला, पण मनगट सुटेना. तिने पिरगाळलं, तसा तो कळवळत गुडघ्यांवर आला.

"आधी ती भाकरी उचलून खा," ती म्हणाली, "मग अंगावर या."