पाय न टेकता

निवृत्तीची आई, भिमाबाई, सायकल दुकानाच्या पायरीवर येऊन बसली, तेव्हा यादवने उलट्या उभ्या केलेल्या सायकलच्या चाकात डोकं खुपसलं. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

"चल रे बाबा," भिमाबाई म्हणाली. "तिसरा दिस हाय. पोरगं उतरंना."

"लय काम हाय, मावशी," यादव चाकाला म्हणाला.

नांदगावच्या बाजाराच्या मैदानात निवृत्ती परवा सकाळपासून सायकलवर गोल गोल फिरत होता. पाय जमिनीला न लावता. गावाला हा प्रकार नवा नव्हता. दर उन्हाळ्यात कुणीतरी बाहेरगावचा गडी यायचा, आठवडाभर सायकलवरच जेवायचा, सायकलवरच आंघोळ करायचा आणि लोक मैदानात पसरलेल्या चादरीवर नाणी टाकायचे. पण ते पोटासाठी. निवृत्ती मात्र धर्मादाय फिरत होता. वादळात मुलींच्या शाळेचे पत्रे उडाले होते, आणि आपल्या गावचा सुपुत्र त्या पत्र्यांसाठी एकटा झुंजतोय, असं पहिल्याच दुपारी गोटीरामने भोंग्यावरून जाहीर केलं होतं. भोंगा गोटीरामचा, त्यामुळे खात्री करून घ्यायची गरज कुणाला वाटली नाही.

सरपंचांनी पळत पळत हार घातला. मंगळू न्हाव्याने सायकलबरोबर धावत निवृत्तीची दाढी केली, पण एकाच गालाची. दुसऱ्या गालापर्यंत त्यालाच धाप लागली. पोरीबाळींनी खाऊचे पैसे चादरीवर टाकले. नाशिकहून एक वार्ताहर मोटारसायकलवर आला आणि शेजारून मोटारसायकल चालवत मुलाखत घेऊ लागला. निवृत्तीने त्याला एकच वाक्य सांगितलं, यादवला बोलवा. ज्याला त्याला तो तेवढंच सांगत होता. आंघोळीची बादली अंगावर रिकामी करणाऱ्यालासुद्धा.

गावाने त्याचा अर्थ लावला. गोटीराम आवाज घोगरा करून सांगू लागला, की जिवलग मित्र रुसलाय आणि तो आल्याशिवाय आपला निवृत्ती पाय टेकणार नाही. भोंग्याचं तोंड नेमकं दुकानाकडे होतं. यादव दिवसभर ते ऐकत पंक्चर काढत होता. काल तर त्याने चांगल्याच ट्यूबला ठिगळ लावलं.

भांडण आठवावं एवढं मोठंही नव्हतं. निवृत्तीला सायकल शिकवली ती यादवनेच, त्याच मैदानात, दुकानातल्या सगळ्यात जुन्या, उंच सायकलवर. परवा सकाळीही दोघं तिथेच होते. नेहमीप्रमाणे निवृत्ती पुढे आणि कॅरिअरवर हात ठेवून यादव मागे. चेष्टामस्करी चालली होती. यादव निवृत्तीच्या उंचीवरून बोलला. तो रोजच बोलायचा. म्हणाला, तुझ्या लग्नात मुंडावळ्या तुझ्या पायात येतील. मग निवृत्ती बोलला.

आदल्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका स्थळाने यादवला नाही म्हटलं होतं. ते गावात फक्त निवृत्तीला ठाऊक होतं.

"सायकलीमागं पळणाऱ्याला नाशिकची पोरगी कोण दील?" निवृत्ती पुढे बघत हसत म्हणाला.

यादवचा हात कॅरिअरवरून निघाला.

"आता तुझं तू बघ," एवढंच बोलून तो दुकानाकडे चालू लागला. मागून हाक आली. मग आणखी एक, जरा मोठी. तो वळला नाही. वळायला काय लागतं? मान. तीसुद्धा आपण फिरवली नाही, हे त्याला परवापासून दाताखाली आलेल्या खड्यासारखं टोचत होतं.

काल संध्याकाळी तो केळीच्या गाडीआड उभा राहून बघून आला होता. निवृत्तीचे डोळे खोल गेले होते, ओठ फाटले होते. एका गालावर दाढी आणि दुसरा गुळगुळीत, त्यामुळे तो जाताना एक माणूस दिसे आणि परत येताना दुसरा. दोघंही गर्दीत कुणालातरी शोधत होते. यादव पाऊल न वाजवता परत आला. एका शब्दासाठी हा माणूस गावासमोर जीव काढतोय आणि आपण स्पोक मोजत बसलोय, या विचाराने त्याला रात्री जेवण गेलं नाही.

"ताप हाय त्याला," भिमाबाई आता म्हणत होती. "गुळाचं पाणी दिलं, तर वकला. म्हनलं, राहू दे ती शाळा, उतर. तर म्हनतो, यादव येऊ दे." ती उठली. "तुमचं काय बिनसलं ते मी नाय इचारत. पन त्याला काय झालं, तर तुला जन्मभर खाऊन टाकंल ते."

यादवने पाना खाली ठेवला.

मैदानात गर्दी आपोआप बाजूला झाली. गोटीराम भोंग्याचा माईक घेऊन वायर पुरेल तिथवर धावला. यादव सायकलच्या बरोबरीने पळू लागला आणि पळता पळताच रडू लागला.

"चुकलं माझं, निवृत्ती," तो म्हणाला. "तू हाका मारल्या, मी वळलो नाय. तू शाळेसाठी, दोस्तीसाठी रक्त आटवतोय, आन् मी दुकानात तोंड लपवून बसलो. मी तुझ्या पायाजवळ बसायच्या लायकीचा नाय."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सरपंचांनी दुसरा हार सरसावला. निवृत्ती गर्दीकडे बघून थकलेलं हसला आणि भोंग्यात जाणार नाही अशा बेताने, ओठ न हलवता पुटपुटला:

"रडायचं नंतर बघ. आधी कॅरिअर धर. चालवायला शिकवलंस, आन् उतरायला शिकवायच्या आतच निघून गेलास."