समुद्राकाठचे रविवार

मोल्दोवातल्या त्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या आया इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेल्या, म्हणून बाई भूगोल त्यांच्या प्रवासांवरूनच शिकवत. आज सुट्टीवर आलेल्या अगाफियाला त्यांनी नकाशापुढे उभं केलं होतं. गाडीत बसून आंबलेलं तिचं अंग अजून मोकळं झालं नव्हतं. तिने इटलीहून खोक्यातून पाठवलेला शंख बाकांवरून फिरत होता. “समुद्र कसा दिसतो, सांगा मुलांना,” बाई म्हणाल्या. पहिल्या बाकावर अगाफियाची लेक सान्दा ऐटीत बसली होती. खोटं रचायलाही त्राण लागतं. ते अगाफियात उरलं नव्हतं. “नाही पाहिला मी.” “अगं आई, नकाशात तुझ्या तिथल्या शहराला खेटून आहे समुद्र,” सान्दा रडवेली झाली. “रविवारी सुट्टी असते ना तुला?” “असते. रविवारीच खोकी नेणारी गावाकडची गाडी भरते, बये. तुझं खोकं घेऊन रांगेत उभी असते. दुकानातून घेतलेला हा शंख काय उडत आला तुझ्याकडे?”