अटीची ओळ

"तुमच्या धाकट्या जाऊबाईंचा हिरव्या पैठणीतला फोटो आपण चौकातल्या बोर्डावर लावतोय," मालक म्हणाले आणि माझ्या हातात संमतीपत्र ठेवलं. "सहीशिवाय वापरता येत नाही. घेऊन या."

बारा वर्षं मी या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या नेसवते. तिलाही मीच नेसवली होती. निऱ्या माझ्या हातच्या, पदर माझ्या हातचा आणि चौकात झळकणार ती! फोटोत मीही होते म्हणा, तिच्या खांद्याला पिन लावताना. पण नेसवणारीला कापूनच फोटो छापायचा, ही आमच्या दुकानाची रीत.

संध्याकाळी तिनं हसत हसत कागद भरून दिला. मी तो न वाचताच घड्या घालून पर्समध्ये कोंबला आणि सकाळी मालकांना सांगितलं, "नको म्हणाली. तिला असलं आवडत नाही." त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो छापायला पाठवला. मला चार दिवस छान झोप लागली.

पाचव्या दिवशी चौकात बसची वाट बघताना रुमाल काढायला गेले, तर तो कागद हाताला लागला. उघडला. खाली तिची सही होती. त्याच्या वर, 'काही अट असल्यास लिहा' या ओळीपुढे तिनं लिहिलं होतं, 'फोटोतून आमच्या ताईंना कापायचं नाही. साडी त्यांनी नेसवली आहे.'

मी मान वर केली. नव्या बोर्डावर कुणी तिसरीच बाई हसत होती. तिच्या खांद्यावर माझं एक बोट तेवढं कापायचं राहून गेलं होतं.