गोळीची सवय

"बघा, झाली ना सवय?" डॉक्टर तिच्या नवऱ्याकडे बघून म्हणाले. "घाम थांबला, झोपही लागते म्हणतात ह्या. शरीर जुळवून घेतं हो."

स्तन तिचा गेला, केस तिचे गेले, पाळीही तिचीच थांबली. पण डॉक्टर बोलायचे नवऱ्याशी. तोही मान डोलवायचा, जणू दुखणं त्याच्याच नावावर होतं.

ती घड्याळं दुरुस्त करायची. कर्करोग परत येऊ नये म्हणून रोजची गोळी सुरू झाली आणि अंगाची भट्टी झाली. डोळ्याला लावलेलं भिंग वाफेने धूसर व्हायचं. घामाचा थेंब उघड्या यंत्रावर पडायचा. कुणाच्या तरी आजोबांचं चांगलं घड्याळ तिच्या घामाने गंजलं. रात्री तर चादर पिळून काढावी अशी भिजायची. दर भेटीत तिने हे सांगितलं आणि दर भेटीत एकच उत्तर मिळालं, "जीव वाचला हे नशीब समजा." घड्याळ पुढे जातंय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती 'चालतंय हे नशीब समजा' म्हणाली असती, तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं.

"सवय नाही झाली," ती म्हणाली. "मी गोळी सोडली. मागच्या वेळी इथून गेले, त्याच दिवशी."

नवऱ्याची मान डोलायची थांबली. "अगं, मला तरी सांगायचंस."

"तुम्हीही 'नशीब समज'च म्हणाला असता."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हा जिवाशी खेळ आहे. रोग उलटला तर?"

"ठाऊक आहे. रोज त्याच भीतीने उठते. पण भिंग धूसर होत नाही, काम होतं. आता यांना नाही, मला सांगा. दुसरं काय करता येतं?"

मग डॉक्टर भराभरा सांगू लागले. घाम कमी करणारी, हार्मोन नसलेली औषधं होती. गोळी बदलून बघता येत होती. झोपेसाठी वेगळे उपचार होते. प्रत्येकाचे फायदे होते, तोटे होते, आणि त्यातलं काय घ्यायचं ते तिला ठरवता येणार होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही आग गोळीची नव्हती.

"हे सगळं गेल्या वर्षीही होतं?" तिने विचारलं.

"होतं की," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हा तुम्ही गोळी नीट घेत होता ना."