चौथा सूर

माझी सून भांडत नाही, हीच तिची खोड. पियानोच्या शिकवण्या घेते आणि महिनाभर मुलांच्या वह्यांत चुकीचं लिहितेय. तीन सूर एकदम वाजले की साधी कॉर्ड, चौथा मिसळला की खाली सातचा आकडा, म्हणजे चार सुरांची खूण. भिंतीआडून ऐकून ऐकून एवढं मलाही पाठ झालंय. ही मात्र तीन सुरांखालीही सातच लिहिते. पोरं परीक्षेत नापास झाली, शिकवण्या सुटल्या. आज शेवटच्या मुलीची आई वही आपटून गेली.

"अगं, तीन मोजता येत नाहीत तुला?"

"जेवढे ऐकू येतात तेवढे लिहिते, आई," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

आता हिचे कान तपासायचे की डोकं? मी तरातरा पियानोपाशी गेले आणि वहीतल्या तीन सुरांच्या पट्ट्या तिला दाखवायला लावून तीन बोटांनी दाबल्या.

सूर चार आले.

बोटं मोजली. तीनच होती.

मी हात उचलला. तीन सूर थांबले. चौथा थांबला नाही.

सुनेने मान न वळवता वहीत सात लिहिला.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. "चुकली असतीस तर बरं झालं असतं गं."